संग्रहालय ही ऐच्छिक बाब नव्हे

इंग्लंडच्या वायव्येस लँकेशायर परगण्यात, बर्नली शहराच्या वेशीवरील हार्ल साइक या गावी, १८९५ च्या सुमारास गावातल्याच कष्टकऱ्यांनी आपापल्या बचतीतून भागभांडवल उभे करून क्वीन स्ट्रीट नावाची जी कापडगिरणी बांधली, ती मागणीअभावी १९८२ साली थांबली, तेव्हा तिची यंत्रे मोडीत न काढता जागच्या जागी जतन करून तिचे संग्रहालय करण्यात आले. पाचशे अश्वशक्तीचे ते वाफेचे इंजिन, त्याला वाफ पुरवणारा बाष्पक, त्या इंजिनाने फिरणारे छताखालचे लांबच लांब दंड, आणि त्या दंडांवरून उतरलेल्या चामडी पट्ट्यांनी चालणारे तीनशेहून अधिक साचे, म्हणजे यंत्रमाग, असा हा सारा सरंजाम एकत्र आणि चालू स्थितीत आज जगात अन्यत्र कोठेही उरलेला नाही. इंजिनाचे मूळचे नाव 'प्रूडन्स' असे होते, ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बदलून 'पीस' असे ठेवण्यात आले, आणि त्या नावाची पाटी अद्याप त्यावर आहे. अशा या संग्रहालयाचा खर्च आपल्याला यापुढे झेपणार नाही असे लँकेशायरच्या परगणा परिषदेने २०१५ च्या नोव्हेंबरात जाहीर केले, आणि ३० सप्टेंबर २०१६ रोजी ते तिने खरोखरच बंद केले. त्याच्याबरोबर हेल्मशोअर येथील सूतगिरण्यांचे संग्रहालय, फ्लीटवुड येथील कोळ्यांच्या व्यवसायाचे संग्रहालय, लँकेस्टर येथील न्यायाधीशांच्या जुन्या निवासस्थानातील संग्रहालय आणि प्रेस्टन येथील परगण्याचे संग्रहालय, अशी आणखी चार दारे लावण्याचेही त्याच निर्णयात ठरले.

हा निर्णय घेणारी माणसे दुष्ट नव्हती, आणि त्यांना इतिहासाविषयी द्वेष होता असेही म्हणता येणार नाही. २०१० नंतर ब्रिटनमध्ये काटकसरीचे जे धोरण राबवले गेले, त्यात स्थानिक संस्थांना केंद्राच्या तिजोरीतून मिळणारे अनुदान सात-आठ वर्षांत, महागाई जमेस धरता, जवळजवळ निम्म्यावर आले. दुसऱ्या बाजूने वृद्धांची शुश्रूषा आणि निराधार मुलांचे संगोपन या कायद्याने बंधनकारक ठरलेल्या खर्चाच्या बाबी मात्र वर्षागणिक वाढत गेल्या. एकीकडून आटणारा जमेचा ओघ आणि दुसरीकडून वाढणारी बंधनकारक खर्चाची बाजू यांच्या कचाट्यात सापडलेला कारभारी अखेर कात्री कोठे लावणार? जेथे कायदा आड येत नाही तेथेच. २०२३ च्या सप्टेंबरात बर्मिंगहॅमसारख्या बलाढ्य नगरपरिषदेलाही आपण नवा खर्च करण्यास असमर्थ आहोत अशी अधिकृत नोटीस काढावी लागली, यावरून या कचाट्याची कल्पना येईल.

या साऱ्या प्रकरणाचे मूळ माझ्या मते पैशाच्या टंचाईइतकेच कायद्याच्या एका भेदात आहे. इंग्लंडमध्ये सार्वजनिक ग्रंथालये आणि संग्रहालये यांच्यासाठी १९६४ साली एकच अधिनियम झाला. परंतु त्याच अधिनियमाने ग्रंथालय चालवणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य ठरवले आणि संग्रहालय चालवण्याची केवळ मुभा दिली. कर्तव्य आणि मुभा यांतील अंतर सुबत्तेच्या काळात कोणाच्या ध्यानातही येत नाही. पडत्या काळात मात्र तेच अंतर जगणे आणि मरणे यांतील अंतर होऊन बसते. ग्रंथालयांवरही त्या वर्षांत कात्री चाललीच, हे खरे आहे. लँकेशायरमध्ये संग्रहालयांबरोबर कित्येक ग्रंथालयेही बंद झाली. परंतु ग्रंथालयाच्या बाबतीत नागरिकांना सरकारदरबारी दाद मागता येत होती. लिव्हरपूलसमोरच्या विरल येथील नगरपरिषदेने २००९ साली अकरा ग्रंथालये बंद करण्याचा घाट घातला, तेव्हा याच अधिनियमाच्या आधारे सरकारने जाहीर चौकशी नेमली आणि परिषदेला आपला ठराव मागे घ्यावा लागला. क्वीन स्ट्रीटच्या साच्यांसाठी अशी दाद मागायला कलमच नव्हते. सह्यांचे अर्ज झाले, सभा झाल्या, वर्तमानपत्रांतून लेख आले. पण ज्या गोष्टीला कायद्यात आधार नाही तिच्यासाठी केलेला आक्रोश अंदाजपत्रकाच्या कोष्टकात कोठे नोंदवायचा, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

संग्रहालय बंद करणे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली जपून ठेवणे, आणि दिवस पालटले की कुलूप काढून पुन्हा आत शिरणे, अशी एक समजूत कारभारी मंडळींच्या मनात घर करून असते. चित्रांच्या किंवा नाण्यांच्या संग्रहाविषयीही ती फारशी खरी नाही. पण चालत्या यंत्रांच्या संग्रहाविषयी ती सर्वस्वी खोटी आहे. साचा हा चालता राहिला तरच साचा राहतो. पट्ट्याचे चामडे वापरात नसले की ताठरते, दंडांच्या बैठकीतले वंगण आळते, ओलसर हवेत लोखंडाला गंज धरतो, आणि बाष्पक तर असा की नियमाने तपासल्याखेरीज त्याखाली जाळ घालण्याची परवानगीच मिळत नाही. याहूनही नाजूक गोष्ट आहे ती माणसांची. धोटा एका अंगावरून दुसऱ्या अंगाकडे नेमक्या जोराने फेकला जावा म्हणून मारदांड्याचा चामडी पट्टा किती आवळायचा, ताण्याचा एखादा धागा तुटला तर शेकडो धाग्यांतून त्याचे टोक नेमके हुडकून, फणीतून ओवून गाठ कशी मारायची, आणि शेकडो साच्यांच्या गदारोळात आपल्याच साच्याचा आवाज बिघडला आहे हे कसे ओळखायचे, ही विद्या कोणत्याही पुस्तकात पुरतेपणी उतरत नाही. जुन्या लँकेशायरमधल्या विणकर स्त्रिया त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात एकमेकींशी केवळ ओठांच्या हालचालींनी बोलत, घरच्या सुखदुःखांपासून मुकादमाच्या तऱ्हेवाईकपणापर्यंत सारे काही दालनाच्या या टोकावरून त्या टोकाला पोचवीत, आणि धोट्याच्या छिद्रातून सूत ओवण्यासाठी ते ओठांनी ओढून घेत, ज्यातून दात किडत आणि रोग पसरत. हे सारे काचेच्या कपाटात ठेवलेल्या धोट्याकडे पाहून कळत नाही. साचा चालत असताना, त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या आणि ते काम हाताने केलेल्या माणसाने दाखवले, तरच कळते. अशा माणसांची नेमणूक रद्द झाली की ती आपापल्या वाटेने जातात, म्हातारी होतात, आणि त्यांना पुन्हा बोलावण्याइतके पैसे जेव्हा तिजोरीत येतात तेव्हा बोलवायला कोणी उरलेले नसते.

२०१७ च्या निवडणुकीनंतर परिषदेत सत्तापालट झाला, आणि पुढे क्वीन स्ट्रीट आणि हेल्मशोअर ही दोन्ही गिरणी-संग्रहालये वर्षातील ठरावीक महिने आणि आठवड्यातील ठरावीक दिवस पुन्हा उघडू लागली. फ्लीटवुडचे संग्रहालय स्थानिक न्यासाने हाती घेतले, आणि लँकेस्टरच्या वास्तूचेही दार पुन्हा किलकिले झाले. याचा आनंद मानलाच पाहिजे. परंतु बंद करणे आणि उघडणे या दोन क्रियांची किंमत सारखी नसते, हेही त्यातून दिसले. एका ठरावाने एका दिवसात बंद झालेली गोष्ट उघडायला वर्षे लागली, ती पूर्वीइतकी उघडली नाही, आणि मध्यंतरीच्या काळात संग्रह सांभाळणे, इमारतीवर पहारा ठेवणे, ती पहिल्या प्रतीची संरक्षित वास्तू असल्यामुळे तिची डागडुजी करणे, हा खर्च परिषदेच्या माथी होताच. खर्चाची मोठी बाजू कायम ठेवून केवळ लोकांना त्या खर्चाचा लाभ नाकारणे, याला काटकसर हे नाव देणे मला तरी जड जाते.

येथे एखादा वाचक विचारील, आणि त्याने विचारावेच, की लँकेशायरची गिरणी बंद राहिली काय किंवा चालू राहिली काय, त्याचे सोयरसुतक आपण मराठी माणसांनी का बाळगावे? ज्या लँकेशायरच्या कापडाने आपल्या कोष्ट्यांचे माग बसवले, ज्या लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दडपणामुळे १८९६ साली हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादनकर लादला गेला आणि तो जवळजवळ तीस वर्षे टिकला, त्या लँकेशायरसाठी आपण हळहळावे हे न्यायाचे आहे काय? माझे उत्तर असे की नेमक्या याच कारणासाठी आपण हळहळले पाहिजे. ज्या यंत्रांनी आपल्याकडचा एक सबंध कारागीरवर्ग देशोधडीला लावला ती यंत्रे, आणि ज्या कष्टकऱ्यांच्या फुप्फुसांच्या मोलाने ती चालली त्यांच्या आयुष्याच्या खुणा, हा आपल्या इतिहासातील पुरावा आहे, आणि पुराव्याचे दप्तर प्रतिपक्षाच्या घरात असले म्हणून ते जळाले तरी चालेल असे कोणताही शहाणा पक्षकार म्हणणार नाही.

या पुराव्याचा एक विलक्षण भाग प्रेस्टनच्या हॅरिस संग्रहालयात आहे, आणि तो पाहण्याजोगा आहे. फोर्ब्स वॉटसन नावाच्या, इंडिया ऑफिसच्या सेवेतील एका अधिकाऱ्याने १८६६ साली हिंदुस्थानातील कापडांच्या नमुन्यांचे अठरा ग्रंथ तयार करवले. ग्रंथ म्हणजे छापील वर्णने नव्हेत. लंडनच्या इंडिया म्यूझियमच्या भांडारातील प्रत्यक्ष धोतरे, पागोटी, लुगडी, मलमल, खादीसारखी जाडीभरडी वस्त्रे कापून त्यांचे सातशे तुकडे या ग्रंथांत पानापानांवर चिकटवलेले आहेत, आणि प्रत्येकाखाली ते कोठे विणले गेले, किती लांबीरुंदीचे, किती वजनाचे आणि काय किमतीचे याची नोंद आहे. अशा वीस संचांपैकी तेरा ब्रिटनमधील व्यापारी शहरांना देण्यात आले आणि सात हिंदुस्थानात आले. हेतू लपवलेला नव्हता: हिंदुस्थानातील माणसे काय नेसतात हे लँकेशायरच्या कारखानदाराने हाताने चाचपून पाहावे आणि हुबेहूब तसे कापड स्वस्तात विणून त्यांनाच विकावे. ब्लॅकबर्न शहर तर पुढे हिंदुस्थानसाठी धोतरे विणण्यासाठीच प्रसिद्ध झाले. एखाद्या पानावरच्या बोटभर रुंदीच्या किनारीकडे पाहताना आपल्या मनात दोन भावना एकाच वेळी येतात. ती विणणाऱ्या अनाम हाताविषयीचा अभिमान, आणि ती कातरून घेणाऱ्या कात्रीविषयीचा विषाद. अशी दुहेरी भावना निर्माण करण्याचे सामर्थ्य मोठमोठ्या इतिहासग्रंथांनाही क्वचितच लाभते. आणि ज्या इंडिया म्यूझियमच्या भांडारातून हे नमुने कापले गेले, ते संग्रहालय मात्र १८७९ साली मोडण्यात आले आणि त्याचा संग्रह निरनिराळ्या संस्थांत विखुरला गेला. कोणता तुकडा कोणत्या वस्त्राचा आणि ते वस्त्र आज कोठे आहे याचा माग काढताना संशोधकांना पडणारे कष्ट हे त्या विखुरण्याचे फळ आहे.

१९३१ च्या सप्टेंबरात, गोलमेज परिषदेसाठी विलायतेत असलेले महात्मा गांधी मुद्दाम लँकेशायरला गेले, डार्वेनजवळच्या स्प्रिंग व्हेल या वसाहतीत राहिले, आणि ज्या विलायती कापडाच्या बहिष्कारामुळे आपले काम गेले अशी तेथील गिरणी कामगारांची समजूत होती त्या बहिष्काराचा प्रणेता म्हणून त्यांच्यासमोर उभे राहिले. त्या बेकारांची दुःखे त्यांनी ऐकून घेतली आणि हिंदुस्थानातील दैन्य त्याहून किती खोल आहे हेही त्यांना समजावून सांगितले. गिरणीतील स्त्रियांनी गांधींभोवती गर्दी करून हसतमुखाने काढवून घेतलेले छायाचित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्या स्त्रिया कोणत्या साच्यावर, कोणत्या आवाजात, किती तास उभ्या राहत, हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याला जाण्यासाठी क्वीन स्ट्रीट हेच एक ठिकाण उरले आहे.

लँकेशायर आणि मुंबई यांना बांधणारा कापसाचा हा धागा संग्रहालयांच्या इतिहासातूनही जातो. मुंबईतील पहिला सार्वजनिक संग्रह फोर्टातील टाउन बरॅकमध्ये होता. १८५७ च्या धामधुमीत लष्कराने ती जागा ताब्यात घेतली आणि संग्रह इतक्या घाईने बाहेर काढला गेला की त्याचा मोठा भाग नष्ट झाला. जे उरले ते जॉर्ज बर्डवुड यांनी गोळा केले, आणि नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड प्रभृतींनी पुढाकार घेऊन लोकवर्गणीतून नव्या इमारतीचा संकल्प सोडला, ज्याची कोनशिला १८६२ साली बसली. त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले होते, अमेरिकेचा कापूस येईनासा झाल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्या थंडावून लाखो माणसे धर्मादाय मदतीवर जगत होती, आणि त्याच कारणाने खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव येऊन मुंबईत पैशाचा पूर लोटला होता. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या आणि कंपन्या धडाधड बुडाल्या, त्या पडझडीची झळ खुद्द भाऊ दाजींनाही लागली, आणि भायखळ्याच्या त्या अर्धवट इमारतीचे काम पैशाअभावी बंद पडले. मुंबईच्या इतिहासात काटकसरीला इतके सबळ कारण क्वचितच कधी मिळाले असेल. तरीही सरकारने ते काम हाती घेऊन पुरे केले, आणि १८७२ साली संग्रहालय लोकांसाठी उघडले. तेच आजचे महापालिकेच्या मालकीचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. त्या दिवाळखोरीच्या वर्षात कोणी ती इमारत धान्याचे गोदाम म्हणून विकून टाकली असती, तर त्याला तेव्हा कोणी नावे ठेवली नसती, आणि आज आपल्याला आपण काय गमावले याचा पत्ताही लागला नसता.

पुढे शंभर वर्षांनंतर याच वास्तूवर दुसरा प्रसंग आला, आणि तो आपल्या पद्धतीचा होता. आपल्याकडे संग्रहालय बंद करण्याचा ठराव सहसा होत नाही; तेवढा उघडपणा आपल्या कारभारात नाही. अभिरक्षक निवृत्त होतो आणि त्याची जागा भरली जात नाही. तात्पुरता कार्यभार उद्यान किंवा मालमत्ता खात्याच्या कोणा अधिकाऱ्याकडे जातो. गळक्या छताच्या दुरुस्तीचा प्रस्ताव एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. तीन दालनांपैकी दोन 'कामासाठी' बंद होतात आणि ते काम कधी सुरू होत नाही. एका जिल्ह्याच्या गावी मी पाहिलेल्या संग्रहालयात एका शिलालेखाखालची चिठ्ठी वाळवीने खाऊन अर्धी उरली होती, आणि उरलेल्या अर्ध्यात शिलालेख सापडला त्या गावाचे नाव तेवढे गेलेले होते. नोंदवही कोठे आहे हे तेथील शिपायाला माहीत नव्हते, आणि त्याच्याखेरीज विचारण्याजोगे तेथे दुसरे कोणी नव्हते. दगड जागेवर होता, पण तो कोठला हे सांगणारा कागद गेला, म्हणजे इतिहासाच्या दृष्टीने तो दगडही गेला. भायखळ्याचे संग्रहालय या गतीला जाता जाता वाचले, ते २००३ साली महापालिका, वारसा जतन करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात त्रिपक्षीय करार झाला म्हणून. तेथील जीर्णोद्धाराला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ साली ते पुन्हा उघडले. हा करार मला महत्त्वाचा वाटतो तो एवढ्यासाठी, की त्यात महापालिकेने मालकी सोडली नाही आणि जबाबदारीही झटकली नाही. बाहेरची विद्या आणि बाहेरचे द्रव्य यांना आत येऊ दिले.

मात्र प्रत्येक गावाला असा दाता आणि अशी संस्था मिळेलच असे नाही, म्हणून कायद्याकडे वळणे प्राप्त आहे. आपल्याकडील महापालिका आणि नगरपरिषदा यांच्या अधिनियमांतही कर्तव्यांचे बंधनकारक आणि ऐच्छिक असे दोन वर्ग आहेत, आणि संग्रहालये ऐच्छिक वर्गात आहेत. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन हा विषय नागरी संस्थांकडे सोपवला आहे. पण त्यातून एखाद्या नगरपरिषदेला अभिरक्षकाची जागा भरण्यास भाग पाडता येत नाही. ग्रंथालयांसाठी महाराष्ट्राने १९६७ साली स्वतंत्र अधिनियम केला, ही आपल्या राज्याला भूषणास्पद गोष्ट आहे. संग्रहालयांसाठी तसा अधिनियम नाही. म्हणजे इंग्लंडमध्ये १९६४ साली जो भेद कायद्यात राहिला आणि ज्याचे फळ लँकेशायरने २०१६ साली भोगले, तोच भेद आपल्याकडेही आहे. तेथे ग्रहण लागले ते आपल्याला अजून लागलेले नाही, एवढाच काय तो फरक.

संग्रहालये बंधनकारक करावीत या म्हणण्याला घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. गावाला प्यायला पाणी नाही, गटारे तुंबलेली, शाळांच्या भिंती पडलेल्या, तेथे संग्रहालयाची चैन कशी परवडावी, हा त्यांतील सर्वांत वजनदार आक्षेप; आणि जेथे तो प्रामाणिकपणे घेतला जातो तेथे मी मान खाली घालून तो ऐकतो. परंतु तो बहुधा अशा ठिकाणी घेतला जातो जेथे संग्रहालयावरचा खर्च वाचवून पाण्याची एकही नळजोडणी वाढत नाही. मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. एवढ्या जमाखर्चात एखाद्या संग्रहालयाचा वार्षिक खर्च हा शिल्लक किंवा तूट यांच्या निर्णयात मोजला जाण्याजोगा आकडाच नव्हे. लहान नगरपरिषदेचे अंदाजपत्रक अर्थातच लहान, पण तिचे संग्रहालयही तितकेच लहान असते: दोन-तीन खोल्या, एक जाणता माणूस, एक पहारेकरी, आणि विजेचे बिल.

दुसरा आक्षेप असा की संग्रहातील एखादी मौल्यवान वस्तू विकून बाकीच्याचा खर्च का भागवू नये? याचाही अनुभव इंग्लंडने घेतलेला आहे. नॉर्थॅम्पटनच्या नगरपरिषदेने २०१४ साली सेखेमका या प्राचीन मिसरी लेखनिकाची, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची चुनखडीची मूर्ती लिलावात काढली. ती दीड कोटी पौंडांहून अधिक किमतीला खाजगी मालकाकडे गेली. पैसा संग्रहालयाच्याच विस्तारासाठी हवा होता, हे परिषदेच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण ती मूर्ती एका उमराव घराण्याने गावाला दिलेली देणगी होती, आणि देणगी विकणाऱ्या संग्रहालयाची अधिकृत मान्यता तत्काळ काढून घेण्यात आली. आपल्याकडचे किती तरी संग्रह असेच एखाद्या वेड्या माणसाने आयुष्य वेचून जमवलेले आणि विश्वासाने समाजाच्या हवाली केलेले आहेत. पुण्यात दिनकर केळकरांनी बालवयात गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ अडकित्त्यांपासून दिव्यांपर्यंत हजारो वस्तू गोळा केल्या आणि १९७५ साली त्या राज्य शासनाला दिल्या. तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या शेतांतून आणि टेकाडांतून मिळालेल्या सातवाहनकालीन वस्तू अशाच जपल्या. यांच्यातील एक वस्तू विकली गेली की उद्या देणारा हात आखडतो, आणि एकदा आखडलेला हात कोणत्याही अनुदानाने उघडत नाही.

आता प्रश्न उरतो तो काय करावे हा, आणि मला त्याचे उत्तर दूरचे वाटत नाही. राज्याने ग्रंथालयांच्या धर्तीवर संग्रहालयांचा अधिनियम करावा, ज्या स्थानिक संस्थेकडे आज संग्रह आहे तिला तो सांभाळणे बंधनकारक करावे, आणि तो बंद करण्यापूर्वी किंवा त्यातील वस्तू विकण्यापूर्वी जाहीर चौकशी अनिवार्य ठरवावी. प्रत्येक संग्रहाची छायाचित्रांसह नोंदवही करून तिची एक प्रत पुराभिलेखागारात ठेवण्यात यावी, म्हणजे वाळवीने चिठ्ठी खाल्ली तरी दगडाचे गाव हरवणार नाही. अभिरक्षकाची जागा सहा महिन्यांहून अधिक काळ रिक्त राहिल्यास ते संग्रहालय बंद पडले असे कायद्याने समजण्यात यावे आणि त्याचा जाब आयुक्तांना किंवा मुख्याधिकाऱ्यांना विचारता यावा. या तरतुदींना लागणारा पैसा फार नाही. लागते ती इच्छा, आणि ती जागी करण्याचे काम वर्तमानपत्रे, शाळा-महाविद्यालयांतील इतिहासाचे अध्यापक आणि गावोगावची इतिहास मंडळे करू शकतात.

आणि एक काम असे आहे की जे अधिनियमाची वाट पाहू शकत नाही. क्वीन स्ट्रीटच्या गिरणीतले साचे ज्या १९८२ साली थांबले, त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्या संपानंतर गिरणगावातील बहुसंख्य साचे कायमचे बंद पडले. तेथल्या यंत्रांचे संग्रहालय झाले; आपल्या यंत्रांचे भंगार झाले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याची योजना महापालिकेने आखलेली आहे, परंतु ती कित्येक वर्षे रेंगाळली. इमारत उद्या बांधता येईल, यंत्रेही कोठून तरी मिळवता येतील. पण विणाईच्या साचेखात्यात आणि कताईच्या त्रासनखात्यात ज्यांनी हयात घालवली, तीन पाळ्यांच्या भोंग्यावर ज्यांचे घड्याळ चालले, तुटलेल्या ताण्याची गाठ ज्यांची बोटे आजही डोळे मिटून मारू शकतील, ती माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे गेलेली आहेत, कोणी लालबाग-परळच्या चाळीत, कोणी कल्याण-डोंबिवलीपलीकडे, कोणी सातारा-कोकणातल्या आपल्या गावी. महापालिकेने येत्या अंदाजपत्रकात संग्रहालयासाठी दुसरी कोणतीही रक्कम धरली नाही तरी चालेल. या माणसांना शोधून, त्यांच्यासमोर एक चालू साचा ठेवून, त्यांच्या हातांचे काम आणि त्यांच्या तोंडची हकिकत चित्रफितीवर उतरवून घेण्यापुरती तरतूद तिने याच वर्षी केली पाहिजे.